शेवटचा आकडा एकवीस

संगणकाच्या पाठीमागे, नेटवर्कची केबल जिथे खोचतात त्या खाचेशेजारी, मोहरीच्या दाण्याएवढे दोन दिवे असतात. हिरवा स्थिर होता. नारिंगी भराभर लुकलुकायचा, मग गप्प व्हायचा, मग पुन्हा लुकलुकायचा. मी मोजलं. अकरा सेकंद चालू, सात सेकंद गप्प. पुन्हा मोजलं तेव्हा चौदा आणि सहा. मनातल्या मनात मोजत होते, कारण माझं घड्याळ बाहेर लाकडी तबकात होतं.

“हिरवा लागलाय?” सरांनी मागून विचारलं.

“हो सर. स्थिर आहे.”

“आणि दुसरा?”

“थांबून थांबून.”

“मग केबल सैल आहे. काढ आणि पुन्हा बसव. टक् असा आवाज आला पाहिजे.”

मी केबल काढली, बसवली. टक् असा आवाज आला. नारिंगी दिवा बारा सेकंद लुकलुकला आणि थांबला.

“आला बघ आवाज,” सर समाधानाने म्हणाले.

“दिवा तसाच आहे, सर.”

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याची. कोकणच्या किनाऱ्यावर, काजूच्या बागांच्या मागे आमची छोटीशी चुंबकीय वेधशाळा होती. पृथ्वीचं चुंबकत्व दिवसभरात किंचित कमीजास्त होत असतं. ते मोजायचं, नोंदवायचं आणि मुख्यालयाला पाठवायचं, एवढंच तिथलं काम. त्यासाठी जमिनीखाली एक लांबट तळघर बांधलेलं होतं. त्याच्या एका टोकाला मोजणारं उपकरण, दुसऱ्या टोकाला, वीस मीटरवर, नोंदी साठवणारा लिनक्सचा संगणक. तळघराच्या बांधकामात एकही लोखंडी खिळा नव्हता. कड्या, बिजागऱ्या, स्क्रू, सगळं पितळेचं. दारावर पाटी होती, ‘लोखंड बाहेर ठेवा’. पाटीखाली तबक. आत जाणाऱ्याने किल्ल्या, घड्याळ, मोबाइल, केसांतल्या पिना त्यात काढून ठेवायच्या. संगणकात लोखंड असतंच, पण ते जागचं हलत नाही, त्याचा परिणाम गणितातून वजा करता येतो. हलणाऱ्या लोखंडाचा करता येत नाही. सर हे नव्या माणसाला एका वाक्यात सांगत. “एका जागी राहणारं चालतं. ये-जा करणारं चालत नाही.”

सर म्हणजे डॉ. श्रीनिवास देवस्थळी. वेधशाळा त्यांनी उभारली. ते निवृत्त झाल्यावरही मुख्यालयाने त्यांना मानद प्रमुख म्हणून ठेवलं होतं, कारण एकोणतीस वर्षांत इथल्या नोंदींत एकदाही खंड पडला नव्हता. मी हेमांगी राऊळ, त्यांची सहायक. दर सहा महिन्यांनी सरांच्या शिफारशीवर पुढे चालू राहणारी नेमणूक, आणि अशी आठ वर्षं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी “जाते सर” म्हटलं, तर ते म्हणाले होते, “येते म्हणावं. या फाटकातून जाते म्हणून कोणी जात नाही.” तेव्हापासून मी रोज येते म्हणत होते.

दसऱ्याच्या सकाळी मुख्यालयातून सरांना फोन आला. काल सकाळपासून तुमच्याकडची माहिती तुटक येते आहे. सरांनी मला बोलावून घेतलं.

“खंडेनवमीला खंड!” रिक्षातून उतरता उतरता ते म्हणाले. “शोभतं का आपल्याला?”

मी हसले. माझ्या पर्समध्ये एक पत्र होतं, तीन आठवड्यांपासून. लडाखमध्ये नवी वेधशाळा उभी राहत होती आणि तिथे मला कायमची जागा देऊ केली होती. होकार त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत कळवायचा होता. सरांना सांगितल्याशिवाय कळवायचा नाही, इतकं मी ठरवलं होतं. कसं सांगायचं, ते ठरत नव्हतं. पर्सची चेन लोखंडी, म्हणून पर्सही तबकात राहिली.

तळघराचं तापमान बदलू नये म्हणून आत आल्याबरोबर दार ओढून घ्यायचं, हा तिथला दुसरा नियम. पावसाळ्याने लाकूड फुगलं होतं. सरांनी दार जोर लावून ओढलं. ते चौकटीत गच्च बसलं, आणि मागून सरांचा आवाज आला, “हेमांगी, मूठ हातात आली गं.”

पितळेची मूठ होती, तीस वर्षांची. तिचा दांडा मधोमध तुटला होता. आधी नेटवर्क, मग दार, असं सर म्हणाले आणि मूठ त्यांनी खिशात टाकली. केबल बसवून झाल्यावर मी दाराकडे गेले. तुटलेला दांडा भोकात आतवर सरकला होता. पितळेचा स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला, तो नुसताच फिरला. खांदा लावला. दार हललं नाही. खिडकी नव्हती. वर चार फूट माती. मोबाइल दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर. शिपाई तांडेलमामा सणासाठी घरी गेले होते, दुसऱ्या दिवशी रविवार. सर एकटे राहत. माझ्या घरमालकीणबाईंना वाटत होतं की मी सणाला गावी गेले आहे. सोमवारपर्यंत त्या फाटकातून कोणी आत येणार नव्हतं.

“सर, दार उघडत नाही.”

ते म्हणाले, “मी इन्सुलिन घेऊन निघालोय. नाश्ता इथे पोचून करू म्हटलं होतं.”

“डबा कुठे आहे?”

“स्टीलचा आहे. तबकात.”

“पेपरमिंट?”

“पत्र्याची डबी गं ती.”

आम्ही दोघंही जरा हसलो. नियम इतके नीट पाळले होते की दाराच्या अलीकडे आमच्या कामाचं काहीच राहिलं नव्हतं.

“किती वेळ आहे, सर?”

“तास दीड तास बरा जाईल. मग साखर उतरेल, घाम फुटेल. मग मी मूर्खासारखं बोलायला लागेन. तेव्हा माझं अजिबात ऐकू नकोस.”

बाहेर जाणारी एकच गोष्ट त्या खोलीत होती, ती निळी केबल. ती नव्वद मीटर जमिनीखालून ऑफिसातल्या राउटरपर्यंत जात होती. मुख्यालयात सणावारीही कोणीतरी ड्यूटीवर असे. तिथे एक मेल पोचला असता तर पुरे होता. मी लिहिला आणि पाठवला. तो रांगेत अडकून बसला. दुसरा पाठवला. तोही.

मी कीबोर्डसमोर बसले, सर मागे लाकडी स्टुलावर.

“कार्ड चालू आहे?”

“चालू.”

“नेटवर्कवरचा पत्ता?”

“आहे. शेवटचा आकडा एकवीस.”

“आपलाच. राउटरला हाका मारून बघ.”

मी ‘पिंग’च्या दहा हाका मारल्या. चारांना उत्तर आलं.

“केबलमध्ये काही चुका दाखवतोय?”

“शून्य. केबल स्वच्छ आहे.”

“मशीन बंद करून चालू कर.”

केलं. सुरू व्हायला तीन मिनिटं लागली. दहा हाका, सात उत्तरं. पुन्हा दहा, एकही नाही.

“वाचून दाखव,” सर म्हणाले. “जसं आहे तसं.”

मी पडदाभर ओळी वाचून दाखवल्या. मी वाचायचं आणि सरांनी डोळे मिटून ऐकायचं, ही आमची पाच वर्षांची रीत होती. साखरेने त्यांच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. कडेचं दिसे, समोरचं नाही. हे त्यांच्या डॉक्टरांना, तांडेलमामांना आणि मला माहीत होतं. मुख्यालयाला नव्हतं. रोजच्या आलेखाचं वाचन मी करत असे, अहवाल मी लिहीत असे, आणि सही कुठे करायची ते कागदावर बोट ठेवून दाखवत असे. सरांची सही मात्र शेवटपर्यंत सुरेख होती.

मी सलग दहा मिनिटं हाका मारत राहिले आणि कुठली उत्तरं आली, कुठली नाही, ते कागदावर मांडलं. सैल केबल अशी वागत नाही. तिची गळती विखुरलेली असते, इथे एक, तिथे दोन. इथे सलग चौदा उत्तरं होती आणि मग सलग सहा वेळा शांतता.

“सर, हाका हरवत नाहीयेत. उत्तरं दुसऱ्या कोणाकडे जातायत.”

“दुसरं कोण आहे इथे?”

प्रत्येक कार्डाला कारखान्यातून आलेला एक क्रमांक असतो, तो त्याचा जन्मभराचा. पत्ता आपण वरून देतो. मी नेटवर्कवर जाहीर प्रश्न टाकला, एकवीस क्रमांकाचा पत्ता कोणाचा? तो माझाच होता, तेव्हा उत्तर कोणाचंच यायला नको होतं. उत्तर आलं. त्या क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं ओळखीची होती. सात, ई. तीच मी माझ्या हाताने एका चिठ्ठीवर लिहून जुन्या मशीनच्या पाठीवर चिकटवली होती.

आणि मला कालची सकाळ आठवली. खंडेनवमीला वेधशाळेतल्या सगळ्या उपकरणांची पूजा असे. तांडेलमामांनी ऑफिसातल्या टेबलावर यंत्रं ओळीने मांडली होती, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. कपाटातलं जुनं मशीनही त्यांनी पुसून ओळीत ठेवलं होतं.

“मॅडम,” त्यांनी विचारलं होतं, “हे झोपलेलं आहे. झोपलेल्याला हळदकुंकू कसं वाहायचं? देवसुद्धा उठवूनच पूजतो आपण.”

मी तेव्हा खिडकीशी उभी राहून ते पत्र वाचत होते, बहुतेक विसाव्यांदा. “मग उठवा,” असं मी मागे न बघता म्हटलं होतं.

त्यांनी उठवलं. वायर लावली, केबल लावली, हळदकुंकू वाहिलं. पूजेचं यंत्र दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, म्हणून ते तसंच चालू राहिलं. दोन वर्षांपूर्वी नवं मशीन आलं तेव्हा मुख्यालयाला नवीन पत्र लिहायला नको म्हणून सरांनी सांगितलं होतं, “पत्ता तोच ठेव.” मी तोच ठेवला होता, आणि जुन्यावरचा पुसायचा राहिला होता. ऑफिसात झेंडूची माळ घालून बसलेलं ते मशीन आता आमच्या नावाची उत्तरं घेत होतं.

मी सरांना सांगितलं. ते हसले नाहीत.

“एका पत्त्यावर दोघं,” ते म्हणाले. “मग त्याला बंद कर.”

“ते ऑफिसात आहे. आपण इथे आहोत.”

“हं.”

“आपला पत्ता बदलते. सत्तेचाळीस मोकळा आहे.”

“नको.”

मी वळून पाहिलं. त्यांच्या शर्टाची कॉलर ओली झाली होती.

“सर?”

“मुख्यालय आपल्याला एकवीसने ओळखतं. पत्ता बदललास की ते आपल्या नोंदी घेणार नाहीत. सुट्टीत परवानगी कोण देणार? खंड पडेल.”

“खंड कालच पडलाय.”

“तुटक म्हणजे खंड नव्हे. थांबून थांबून का होईना, जातंय ना? मेलही जाईल. पुन्हा पाठव.”

मी पाठवला. अडकला. पाठवला. अडकला. सरांनी रुमालाने कपाळ पुसलं, रुमाल मांडीवर ठेवायला गेले तो खाली पडला. मी उचलून दिला.

“पुन्हा,” ते म्हणाले.

“मी बदलते, सर.”

“तुला जायचंय म्हणून पत्ता बदलतेस.”

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

“तांडेलने लिफाफा वाचून दाखवला मला,” सर म्हणाले. “तीन आठवडे झाले. रोज वाट बघतोय, आज बोलेल, उद्या बोलेल. लडाखला काय आहे गं? मी काय कमी केलं तुला? तू गेलीस की आठवड्याभरात मुख्यालयाला माझ्या डोळ्यांचं कळेल. एक अहवाल, फक्त एक अहवाल मला लिहायला सांगतील.”

“सर, तुम्हीच म्हणालात, घाम फुटला की माझं ऐकू नकोस.”

“हे साखरेचं बोलणं नाही.”

“ते मला कळत नाहीये.”

खरं तर कळत होतं. मी एकवीस खोडून सत्तेचाळीस केला आणि बटण दाबलं.

दहा हाका. दहा उत्तरं. नारिंगी दिवा आता न थांबता लुकलुकत होता. मी सरांना ते सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

मेल गेला. आमच्या मेलखाली आपोआप सरांचं नाव येत असे, तसं आलं. चार मिनिटांनी मुख्यालयातून उत्तर आलं. या पत्त्याची आमच्याकडे नोंद नाही. देवस्थळी सरांच्या नावाने हे कोण लिहीत आहे?

मी लिहिलं, हेमांगी राऊळ, त्यांची सहायक. सर इथेच आहेत, त्यांना बरं नाही, दार उघडायला तातडीने माणूस पाठवा.

उत्तर आलं, या नावाचं कोणी आमच्या यादीत नाही.

ते बरोबरच होतं. माझी नेमणूक स्थानिक होती आणि एकाही अहवालावर माझं नाव नव्हतं. तिकडच्या माणसालाही मी दोष देत नाही. सणाच्या दिवशी अनोळखी पत्त्यावरून आलेला असा मेल मीही थट्टा समजले असते. त्याला काय सांगितलं की पटेल, याचा मी विचार केला. दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ भाग करून प्रत्येक भागाला आम्ही चुंबकीय खळबळीचा एक आकडा देत असू. परवाचा अहवाल त्याच्यासमोर होता. माझ्यासमोर नव्हता, पण मला त्याची गरजही नव्हती.

‘परवाचे आठ आकडे सांगते, ताडून पाहा,’ असं लिहून मी टाइप करता करता आकडे मोठ्याने म्हटले, “तीन, दोन, दोन, एक, एक, दोन, चार, तीन.”

“सातवा चार होता?” मागून सरांनी विचारलं. आवाज जड झाला होता.

“चार होता.”

“मी तीन दिला असता.”

“तुम्ही पाहिला नव्हता, सर.”

आठ वर्षांत हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. पडद्यावर ओळ उमटली, जुळतंय, तांडेल यांना फोन करतो, धीर धरा.

पुढचा अर्धापाऊण तास मी सरांच्या शेजारी जमिनीवर बसून त्यांना बोलतं ठेवलं. वेधशाळेचा पाया खणताना लागलेला जांभा, पहिली नोंद, त्या वर्षीचं मोठं चुंबकीय वादळ. ते कधी बरोबर बोलत, कधी मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारत. मी दोन्हींना ओ देत होते.

मग बाहेर चपलांचा आवाज झाला, लाकूड कडाडलं, आणि दारातून ऊन आत आलं. तांडेलमामा हातात पहार घेऊन उभे होते, नव्या सदऱ्यात, कपाळाला गंध.

“दसऱ्याला लोक गावाची शीव ओलांडतात,” ते धापा टाकत म्हणाले, “आणि तुम्ही दोघं इथे कोंडून बसलात होय!”

“मामा, आधी ती डबी द्या.”

त्या दिवसाची नोंद मी नंतर एकदा मागवून पाहिली. एक वाजून सतरा मिनिटांवर एकदम उंच गेलेलं एक टोक आहे, तांडेलमामांच्या पहारीचं. समासात शेरा आहे, ‘लोखंड’. अक्षर माझं आहे.

सर बाहेर पायरीवर बसले. दोन पेपरमिंट, मग डब्यातला गार उपमा. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. तांडेलमामांनी खिशातून आपट्याची पानं काढून आम्हा दोघांच्या हातात ठेवली, “सोनं घ्या” म्हणाले आणि रिक्षा बघायला फाटकाकडे गेले.

“सोमवारी आधी ते जुनं मशीन बंद कर,” सर म्हणाले. आवाज आता नेहमीचा होता. “मग आपल्याला पुन्हा एकवीस लाव. झालं ते झालं.”

मी तबकातून पिना उचलून केसांत खोचल्या. घड्याळ बांधलं. दोनला वीस कमी. पर्स खांद्याला लावली.

“मी आत काहीबाही बोललो का गं?”

“थोडं.”

“साखर,” ते म्हणाले. आपट्याचं पान ते बोटांनी चाचपून बघत होते, मधली शीर, दोन्ही अर्धी. मग त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं, तुटलेल्या मुठीशेजारी. “बरं, ये मग. सोमवारी वेळेवर.”

मी उभीच राहिले. सरांनी मान किंचित वळवली. तशी वळवली की डोळ्याच्या कडेने त्यांना माणूस दिसत असे.

“काय झालं? येते म्हण.”

“नाही सर,” मी म्हटलं. “जाते.”